उंचावरचं रक्त

आमचे जीवशास्त्राचे सर माणूस भेटला की आधी त्याचं नाव विचारत नसत, गाव विचारत. गाव कळलं की डोळे किलकिले करून क्षणभर हवेत बघत, तिथे त्यांना कुठेतरी आकडा दिसे, आणि तो ते समोरच्याच्या तोंडावर सांगून टाकत. मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी शिक्षकखोलीत त्यांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"भुसावळच्या."

"दोनशे मीटर," सर म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांनी धीर दिला, "असू द्या. माणसं वाईट नसतात तिथली."

मी भूगोल शिकवायला आले होते, तेव्हा भुसावळची उंची मला ठाऊक होती. पण समुद्रसपाटीपासूनची उंची हा माणसाच्या लायकीचा दाखला असतो, हे मला बीएडला कुणी शिकवलं नव्हतं.

ही नव्वदनंतरची सुरत. शाळा मराठी माध्यमाची, मुलं बहुतेक मागावर काम करणाऱ्या खानदेशी माणसांची, आणि आम्ही शिक्षक महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून पोटापाण्यासाठी आलेले. सुरतेत चढउतार असा कुठे नाहीच. सगळं शहर तापीच्या काठाने चटईसारखं पसरलेलं. त्या सपाटीवर सर एकटेच उंचावरून उतरलेले होते, असं त्यांचं म्हणणं. महाबळेश्वरच्या अलीकडे डोंगरमाथ्यावर त्यांचं गाव, साडेचार हजार फूट. वडिलांच्या बदलीमुळे ते गाव त्यांनी वयाच्या सहाव्या वर्षी सोडलं होतं आणि नंतर फारसं पाहिलंही नव्हतं, पण त्यावाचून त्यांचं काही अडत नसे. "गाव पायाखाली नसतं बाई," ते म्हणत, "गाव रक्तात असतं." हे बोलताना ते छाती पुढे काढत. उंचीने सर पाच फुटांच्या जरा वर होते, त्यामुळे छाती पुढे आली तरी ती आमच्या खांद्याच्या खालीच राहायची.

आता त्यांच्याशी न्यायाने वागायचं तर हेही सांगितलं पाहिजे की ते शिकवायला लागले की ऐकत राहावं असं शिकवत. माझा तास नसला की मी त्यांच्या वर्गाच्या दाराशी उभी राहायची. तिबेटच्या पठारावरची माणसं, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावरची माणसं, हा त्यांचा हातखंडा विषय.

"समजा, पुष्कळ माणसं डोंगरावर राहायला गेली," ते सुरू करत. "हवा विरळ. श्वास घेतला तरी छाती भरत नाही. कुणाचं डोकं ठणकतं, कुणाची झोप जाते, कुणाच्या बायकोचं मूल पोटातच जातं. पण त्यांतल्या चार-दोघांच्या रक्तात आईबापाकडून काहीतरी वेगळं आलेलं असतं. मागून मिळालेलं नाही, कमावलेलं नाही, उगाच आलेलं. त्या चार-दोघांची पोरं जगतात. त्या पोरांची पोरं जगतात. शेकडो पिढ्या जाऊ द्या, मग वर जाऊन बघा. डोंगरावर सगळे त्या चार-दोघांचेच नातू."

"आणि बाकीचे, सर?" एखादी मुलगी विचारायची.

"बाकीच्यांना नातू नाहीत," सर म्हणायचे.

मागच्या बाकावरची पोरंही पुढे सरकायची. मीही नकळत दारातून एक पाऊल आत यायची. आणि तिथेच घंटा झाली असती तर त्यांची ख्याती जिल्ह्यात गेली असती. पण सरांचं पुढचं वाक्य ठरलेलं असायचं, "आता माझंच उदाहरण घ्या."

त्यांचं उदाहरण असं, की त्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या डोंगरमाथ्यावर काढल्यामुळे त्यांचं रक्त दाट झालेलं आहे. उंचावरचं रक्त दाट, खालचं रक्त पातळ. दाट रक्ताचा माणूस तल्लख, काटक आणि सरळ. पातळ रक्ताचा माणूस म्हणजे आम्ही.

मी एकदा म्हटलं, "सर, हे सगळं म्हणे आठ हजार फुटांच्या वर सुरू होतं. महाबळेश्वरला लोक हनिमूनला जातात. कुणाला धाप लागलेली ऐकली नाही."

"उत्क्रांतीला कुठूनतरी सुरुवात करावी लागते बाई," सर म्हणाले, आणि माझ्या भूगोलाच्या कपाटातला आशियाचा नकाशा घेऊन गेले. तो परत आलाच नाही. तो त्यांनी जीवशास्त्राच्या वर्गात टांगला आणि त्यातल्या तपकिरी भागावरून ते येता-जाता हात फिरवत. हिरव्या रंगाला ते दलदल म्हणत. भारताच्या पश्चिमेची हिरवी पट्टी दाखवून ते मुलांना सांगत, "हे आपण. इथे ओल धरते."

मुलांचाही वर्ग त्यांनी उंचीप्रमाणे लावला होता. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला उभं करून गाव विचारायचे. शिरपूर म्हटलं की "तापीकाठ, बस खाली." अमळनेर म्हटलं की "बस खाली." एका पोराने सांगितलं, "सर, मी तोरणमाळना शे." सरांचा चेहरा उजळला. सातपुड्याच्या माथ्यावरचं गाव! त्याला तिथल्या तिथे मॉनिटर केलं. पुढच्या वर्षी नवीन वर्ग आला तेव्हा अर्धा वर्ग तोरणमाळचा निघाला. त्यांतल्या बऱ्याच जणांचा जन्म सुरतेतल्याच लिंबायतमधला होता आणि त्यांनी आयुष्यात डोंगर म्हणून पाहिलेला होता तो कापडाच्या ताग्यांचा. सरांना संशय आला नाही. उलट ते मला म्हणाले, "बघा, बाई. वरचं रक्त टिकतं आणि वाढतं."

रिक्षावाल्याशी, भाजीवालीशी खटका उडाला की समोरचा "घाटी" म्हणून मोकळा व्हायचा. आम्हा मराठी माणसांना तो शब्द झोंबायचा. सर थांबून त्याला म्हणायचे, "बराबर. घाटाच्या वरचा. पण तुला कसं कळलं, गालांच्या लालीवरून?" रिक्षावाला चक्रावून निघून जायचा. सर दिवसभर खूश.

एका दुपारी शिक्षकखोलीत श्वास रोखून धरण्याची पैज लागली. सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, डोळे मिटले, गाल फुगवले. आमचा ओलपाडचा शिपाई चहाचे कप गोळा करायला आला होता, तोही गंमत म्हणून नाक दाबून उभा राहिला. सर लालबुंद होऊन फस्सकन सुटले, तरी शिपाई आपला उभाच. ओलपाड म्हणजे खाडीकाठ, जेमतेम समुद्राच्या बरोबरीला. सरांनी घड्याळ परत बांधलं आणि म्हणाले, "त्याचं वेगळं आहे. ते बेडकाकडून येतं." शिपाई बिचारा हसला आणि कप घेऊन गेला.

राहायला आम्ही एकाच इमारतीत होतो, भेस्तानच्या बाजूला. मी तळमजल्यावर, सर आणि वहिनी चौथ्यावर; मुलगा त्यांचा पुण्याला शिकायला. लिफ्ट नव्हती. सुरतेच्या उन्हाळ्यात चौथा मजला म्हणजे भट्टी, कुणी फुकट दिला तरी घेत नसे. सरांनी मागून घेतला. तेवढीच बारा-चौदा मीटरची भर. पहाटे गच्चीवर जाऊन ते हात पसरून श्वास घेत आणि खाली येताना भेटेल त्याला सांगत, "वर फरक आहे हवेत." वर खरोखरच फरक होता. पांडेसऱ्याच्या गिरण्यांचा धूर वर अंमळ जास्त यायचा.

आता वहिनींबद्दल. सरांच्या पत्नी बारडोलीच्या. त्यांचे वडील तिथल्या साखर कारखान्यात कामाला होते. लग्न जमवताना सरांनी पत्रिका पाहिली नाही, याचा त्यांना अभिमान होता. उंचीही पाहिली नाही, याची खंत होती. "बारडोली," ते सुस्कारा टाकायचे. "तिथे ऊस होतो. रक्त होत नाही." हे ते वहिनींसमोरच म्हणायचे, चहाचा कप त्यांच्याच हातातून घेता घेता. वहिनी नुसत्या हसायच्या. त्यांचं मराठी निम्मं गुजरातीत भिजलेलं होतं. कशालाही त्या "जवा दो ने" म्हणायच्या, सोडून द्या.

दूध, भाजी, रॉकेलचा डबा, गव्हाचं पीठ, सगळं वहिनी चार जिने चढून न्यायच्या. तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बाईंनी गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली सोडलेली होती, भाजीवाला खालून टोपलीत भाजी टाकायचा. मी सरांना सुचवलं, तुम्हीही तशी बांधा. सर म्हणाले, "टोपली बांधली की रक्त आळशी होतं. तिला चढू दे. एका पिढीत फरक पडणार नाही, पण सुरुवात तर होईल." स्वतः सर हातात फक्त वर्तमानपत्र घेऊन चढत. त्यांच्या रक्ताला व्यायामाची गरज नव्हती, ते आधीच तयार होतं.

मला एकदा राहवलं नाही. मी विचारलं, "सर, तुमच्या आई कुठल्या?"

"दापोलीच्या."

"म्हणजे कोकण. समुद्र."

"हो. मग?"

"मग तुमचं निम्मं रक्त दापोलीचं झालं. निम्मं आईकडून, निम्मं बापाकडून, तुम्हीच दहावीला शिकवता."

सर माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, "बाई, ते वाटाण्यांचं. घराण्यात आईचं धरत नाहीत."

वहिनी तेव्हा दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण निवडणारा हात थांबलेला मी पाहिला.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता वहिनी जिन्यात बसू लागल्या. आधी तिसऱ्या मजल्यावर टेकायच्या, मग दुसऱ्यावर. भाजीची पिशवी मांडीशी घेऊन, डोकं भिंतीला लावून. मी विचारलं तर म्हणाल्या, "जरा दम खाते." ओठ पांढरेफटक. पायांवर सूज. एका दुपारी मी त्यांना घरात आणून पाणी दिलं, तेव्हा फार आढेवेढे घेऊन त्यांनी सांगितलं की पाळी महिन्यातून दोनदा येते, आठ-आठ दिवस थांबत नाही, आणि हे वर्षभर चाललं आहे. सरांना सांगितलंत का, असं मी विचारलं. "त्यांना काय सांगायचं असलं?" वहिनी म्हणाल्या. "जवा दो ने."

पुढच्याच महिन्यात शाळेत आरोग्य शिबिर झालं. शिक्षकांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. रक्त तपासायला एक गुजराती डॉक्टरीणबाई होत्या. सरांनी बाही वर करून सर्वांत आधी बोट पुढे केलं. त्यांचं हिमोग्लोबिन पंधरा निघालं. पंधरा म्हणजे धडधाकट पुरुषाचं असतं तेवढंच, पण सरांनी ते असं ऐकलं जणू बोर्डात आले. शिक्षकखोलीत त्यांनी सगळ्यांना घारी, ती तुपाने माखलेली सुरती मिठाई, वाटली. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चंदी पडव्याला, घारी सुरतेत सगळेच खातात, पण हिमोग्लोबिनची घारी खाणारे पहिले आम्हीच.

वहिनींचा नंबर आला. डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला, परत पाहिला, वहिनींच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. "बेन, तमे अहीं सुधी चालीने आव्यां?" इथपर्यंत तुम्ही चालत आलात, असं त्या विचारत होत्या, आणि त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. सात होतं. त्यांनी सरांना जवळ बोलावून सांगितलं की कुठून तरी रक्त जातंय, आधी ते शोधायला हवं, उशीर केला तर हृदयावर येईल.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डॉक्टर, ही बारडोलीची आहे. त्यांच्यात एवढंच असतं."

"एवढंच असतं म्हणजे?"

"वंशातच नाही. वंशाला औषध नसतं."

माझं डोकं तापलं. मी मध्ये पडले, तर सर मला म्हणाले, "बाई, तुमचा विषय नकाशाचा. रक्त माझ्याकडे सोडा." वहिनी खुर्चीवरून उठल्या, पदर सारखा केला आणि त्यांच्या मागे चालू लागल्या. मला इतका संताप आला होता की मी त्या दिवशी उरलेली घारी गायीला घातली. पुढे मी लोहाच्या गोळ्या आणून वहिनींना देऊ लागले. पण भोक पडलेल्या बादलीत वरून तांब्याने पाणी घालण्यातला तो प्रकार, हे मलाही कळत होतं. डॉक्टरीणबाईंकडे चला, म्हणून मी चारदा म्हटलं. चारही वेळा उत्तर एकच, "ते म्हणतील तेव्हा जाऊ."

दिवाळी झाली आणि दरवर्षीसारखी तिबेटी माणसं स्वेटर घेऊन सुरतेत आली. मैदानाच्या कडेला बांबू ठोकून, ताडपत्र्या लावून त्यांची दुकानं लागत. सुरतेची थंडी म्हणजे पंखा एक नंबरवर येतो एवढीच, पण लोक हौसेने स्वेटर घेतात. सर शाळा सुटली की तिथे जाऊन उभे राहू लागले. स्वेटरकडे त्यांचं लक्ष नसे, विकणाऱ्यांच्या गालांकडे असे. आठवड्यात त्यांनी स्वतःसाठी तीन स्वेटर घेतले, कारण नुसतं बघत राहिलं की ते लोक वैतागत.

त्यांत एक चाळिशीची बाई होती. लहानपणी बापाच्या पाठीवर बसून ती तिबेटातून खिंड ओलांडून आली होती. हे कळल्यावर सर अक्षरशः हात जोडून उभे राहिले. मग त्यांनी तिला विचारलं, रक्त तपासू द्याल का. मी शेजारी होते. मला त्यांनी भूगोलाची साक्षीदार म्हणून नेलं होतं.

"खून?" ती बाई म्हणाली. "सरजी, स्वेटर लेना है तो लो. खून का भाव मुझे नहीं मालूम."

सरांनी चौथा स्वेटर घेतला आणि एक शालही घेतली. तेव्हा कुठे ती शेजारणीला दुकान सांभाळायला सांगून निघाली. आम्ही तिघं रिक्षात बसून स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजीवाल्या डॉक्टरांकडे गेलो. रस्ताभर सर मला सांगत होते की निदान अठरा निघेल, वीसही निघेल, आणि मग डोंगराच्या रक्ताबद्दल या गावात कुणी तोंड उघडणार नाही.

तेरा निघालं.

सर म्हणाले, परत करा. डॉक्टर भले होते, त्यांनी परत केलं. तेराच. "साहेब, एक तर या बेन कित्येक वर्षं खाली राहतात," डॉक्टर गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले. "खाली आला की सगळ्यांचा नॉर्मलवर येतो. पण दुसरी वात सांगू? वर तिबेटमां पण या लोकांचा फार वाढत नाही. मी मासिकात वाचलाय. अँडीजवाल्यांचा वाढतो, यांचा नाही वाढत. हे लोक श्वास जास्त घेतात, रक्त जास्त बनवत नाहीत. जाडा रक्त तर वर त्रासच देतो, बायकांना सुवावडमां, म्हणजे बाळंतपणात, खास. ए लोको ओछामां चलावी ले छे."

थोडक्यात भागवतात. सर त्या वाक्यावर अडले. तिबेटी बाई त्यांच्या तोंडाकडे बघून घाबरली. "मेरा खून ठीक है ना? तो सरजी का मुँह क्यों लटका है?" डॉक्टरांनी तिला सांगितलं, एकदम ठीक आहे. ती आपल्या दुकानाकडे गेली.

परतताना रिक्षात सर नव्या शालीची घडी मोडत आणि पुन्हा घालत होते. मला खरं तर आनंद झाला होता. म्हटलं, एक भूत उतरलं. आता वहिनींचं बोलू, आजच बोलू. पण उधन्याचा पूल ओलांडला आणि सरांचा चेहरा हळूहळू उजळायला लागला. मला ते लक्षण चांगलं वाटलं नाही.

इमारतीत शिरलो. जिना चढता चढता पाहिलं, तर वहिनी दुसऱ्या मजल्यावर बसलेल्या. पिशवी कलंडली होती, चार बटाटे पायऱ्या उतरून खाली गेले होते, आणि ते उचलायला उठायचं बळ त्यांच्यात नव्हतं. मी धावले. सर दोन पायऱ्या खालीच थांबले. ते वहिनींच्या पांढऱ्या ओठांकडे, पांढऱ्या नखांकडे असे बघत होते, जसे मी त्यांना फक्त नकाशाच्या तपकिरी भागाकडे बघताना पाहिलं होतं.

"सात!" ते म्हणाले. "सातावर चार मजले!"

"सर, हात द्या जरा," मी म्हटलं.

"बाई, तुम्हाला कळतंय का? थोडक्यात भागवणारं रक्त! अस्सल! आणि इतकी वर्षं माझ्या घरात, मला पत्ता नाही!" त्यांचे डोळे भरून आले होते, खोटं सांगत नाही. "अगं, तू वरची आहेस. तुझ्या घराण्यात कुणीतरी उत्तरेकडून आलेलं असणार. आता त्या गोळ्या-बिळ्या बंद. हे बिघडवायचं नाही. उद्या मी हेडमास्तरांना घेऊन येतो बघायला."

कालपर्यंत वहिनींना औषध नव्हतं, कारण त्या खालच्या होत्या. आजपासून औषध नव्हतं, कारण त्या वरच्या निघाल्या. मी सरांना त्या जिन्यात जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. "तुम्ही माणूस आहात की दगड" हा त्यातला सौम्य भाग. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई दार उघडून ऐकत होत्या, त्यांना मराठी येत नव्हतं, पण त्यांनी समाधानाने मान हलवली.

वहिनींनी माझ्या दंडाला धरलं. "ताई, थांबा." मग त्या सरांकडे वळल्या. आवाज बारीक होता, पण जिन्यात घुमला.

"मी थोडक्यात भागवते, कारण तुमचं आणि आल्यागेल्याचं झाल्यावर पातेल्यात थोडकंच उरतं. यात घराणं कुठे आलं?"

सर काहीतरी बोलायला गेले.

"वर्षभर माझं रक्त जातंय. चादरी कोण धुतं, कधी धुतं, तुम्ही विचारलं नाही. तुम्हाला सगळ्या दुनियेचं रक्त माहीत, माझं नाही." मग त्या मला म्हणाल्या, "ताई, मला खाली न्या. उद्या त्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. यांना सांगा, पण विचारू नका."

त्या खाली आल्या आणि माझ्याकडेच राहिल्या. सर चौथ्या मजल्यावर एकटे गेले. पुण्याला शिकणाऱ्या मुलाला मी फोन केला, तो दुसऱ्या दिवशी आला. गर्भाशयात मोठी गाठ निघाली. ऑपरेशन करायला हवं होतं, पण त्याआधी अंगात रक्त भरायला हवं होतं, नाहीतर त्या टेबलावरून उठणार नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. रक्तपेढीचा रिवाज असा, की जेवढ्या बाटल्या न्याल तेवढी माणसं रक्त द्यायला आणा, गट कुठलाही चालेल. मुलगा झोपला टेबलावर, मी झोपले. ओलपाडचा शिपाई कुणी न सांगताच सायकल मारत आला. अजून एक माणूस हवा होता.

सर बाकावर बसलेले होते. ते उठले, खिशातून कंगवा काढून त्यांनी केस नीट केले आणि बाही वर केली. त्या पोशाखी तयारीचं मला हसूही आलं आणि, खरं सांगते, त्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांची कीवही आली.

पेढीतली मुलगी सुई जोडू लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "हे हिलाच चढवणार ना?"

"नहीं, साहेब. एमनुं ग्रुप अलग छे. तुमचं फ्रिजमध्ये जाईल. ज्याला लागेल त्याला."

"ज्याला म्हणजे कुणालाही?"

"कोईने पण."

"कुठल्याही गावच्या?"

मुलीने सुई हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं. बावीस-तेवीसची असेल. "साहेब," ती म्हणाली, "बाटली पर गाम नथी लखता."

सर छताकडे बघत होते. हा माणूस आता उठून जातो की काय, या विचाराने मुलाने माझा हात घट्ट धरला. मग सरांनी डोळे मिटले आणि मूठ वळली, मुलगी सांगत होती तशी. बाटली भरली. माझी जशी भरली होती तशीच भरली, रंगही तोच.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी शेवटची बाटली चढत होती तेव्हा मी वॉर्डात डबा घेऊन गेले. वहिनी डोळे मिटून पडल्या होत्या. ओठांवर किंचित लाली आली होती. सर स्टुलावरून उठून, चष्मा कपाळावर चढवून, टांगलेल्या बाटलीचं लेबल वाचत होते. पुढून वाचलं, मग बाटली हलकेच फिरवून मागूनही बघितलं.

"काय वाचताय?" वहिनींनी डोळे न उघडताच विचारलं.

"काही नाही. कुठून आलंय ते कुठे दिसतंय का बघत होतो."

"माझ्यात आलंय. बस झालं."

सर स्टुलावर बसले. पडणारे थेंब मोजू लागले. वहिनी म्हणाल्या, "आणि घर बघा दुसरं. मी आता वर येणार नाही."

"बघतो," सर म्हणाले. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "किती खाली?"

"जिना नको," वहिनी म्हणाल्या, आणि भिंतीकडे कूस करून झोपल्या.